कडुलिंबाच्या गुंड्या

माझी सून कापडी पिशव्या, लहान मुलांची जाकिटं आणि गोधड्या शिवते. प्रदर्शनात मांडते, मोबाइलवर फोटो टाकते आणि लोक घरबसल्या मागवतात. तिला लाकडी बटणं लागतात. ती पार्सलनं येतात. पार्सल आलं की ती पितळी ताट काढून माझ्यापुढं ठेवते आणि म्हणते, "आई, निवडा." मी एकेक बटण ताटात टाकून आवाज ऐकते. चीर पडलेलं लाकूड फुटक्या मडक्यासारखं बोलतं, चांगल्या लाकडाचा आवाज भरीव येतो. मग भोकांच्या कडा नखानं तपासते, कारण भोक खरखरीत राहिलं तर ते दोरा कापतं. मग डोळे मिटून बटण चिमटीत धरून बघते. आणि शेवटी प्रत्येक जातीचं एकेक बटण वाटीभर पाण्यात टाकून रात्रभर झाकून ठेवते. सुनेनं एकदोनदा विचारलं, पाण्यात कशाला हो? मी म्हटलं, बघावं लागतं. त्यापलीकडं मला सांगता आलं नाही. बोलून सांगणं मला कधी जमलंच नाही. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, त्यांच्यावर लिहून बघते. कुणी वाचावं म्हणून नाही.

आम्ही पाचोडकडच्या एका खेड्यातले. पाऊस रुसला ती वर्षं. आधी विहिरींचा तळ दिसला, मग गुरं गेली, मग माणसं दुष्काळी कामावर गेली. माय आणि आबाही गेले. रस्त्याच्या कडेला ओळीनं बसून खडी फोडायची. शंभर हातोड्या एकदम चालायच्या, पण त्यांचा ताल कधी एक व्हायचा नाही, आणि दुपारी सुट्टी झाली की त्या शांततेनंच आमचे कान दुखायचे. वाळक्या बाभळीखाली आम्ही पोरं सरकारी सुकडीच्या खाऊची वाट बघत बसायचो. तिथंच एक दिवस दगडांची रास सरकली आणि आबांचा उजवा हात खाली आला. हात वाचला. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं भरून आली ती वाळक्या शेंगांसारखी ताठ होऊन. हातोडी धरवेना, म्हणून आम्ही शहरात आलो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती पाठीवर वाहायची, त्याला बोटं लागत नाहीत असं कुणीतरी आबांना सांगितलं होतं.

मोंढ्यामागं पत्र्याची एक खोली मिळाली. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आताच्या मानानं लहानच, पण मला ते संपता संपायचं नाही. दर महिन्याला कुठंतरी नवीन भिंत उभी राहायची. चिकलठाण्याकडं कारखाने येत होते, आमच्यासारखी माणसं चहूकडून येत होती, आणि पाणी मात्र टँकरनं येत होतं, तेही आलं तर. चौथी पास होऊन मी आले होते. इथल्या शाळेत नाव घालायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटलं. वर्गात माझं नाव पुकारलं की माझे कान गरम व्हायचे आणि जीभ टाळूला चिकटायची. घरात मला कुणी पुकारत नव्हतं. सकाळी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, कधी हुलग्याचं माडगं, त्यात मायचा हात उदार झाला तर करडीच्या तेलाची लसणाची फोडणी. त्या फोडणीचा चर्र आवाज आला की आमची खोली श्रीमंत वाटायची.

मायनं गुलमंडीवरच्या एका टेलरकडून काज-बटणाचं काम धरलं होतं. सदऱ्यांचे, झंपरांचे गठ्ठे घरी यायचे. माय काजं करायची, मी बटणं लावायची. मायच्या तोंडी 'बटण' कधी बसलं नाही, ती गुंडीच म्हणायची. "गुंडीला गळा ठेव," हे तिचं पहिलं शिकवणं. म्हणजे बटण कापडाला घट्ट चिकटवायचं नाही. खाली आगकाडी घालून शिवायचं, मग काडी ओढून घ्यायची आणि त्या सैल दोऱ्यांना गुंडाळून गळा करायचा. गळ्यावर बटण उभं राहतं आणि बोटांना खालून जागा मिळते. "गळा नसला की गुंडी दिसती चांगली आन लागती वाईट," माय म्हणायची. दुपारभर आम्ही दोघी न बोलता शिवायचो. सुईचा दोरा कापडातून ओढला जाताना जो बारीक आवाज होतो ना, तेच आमचं बोलणं.

आबांच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज सकाळी माय लावायची. आबा दारात उभे राहायचे, तोंड बाहेर करून, जणू रस्त्यावर काहीतरी बघायचं आहे. माय भरभर हात चालवायची, गळ्यापासून खाली. दोघंही त्या वेळी एक शब्द बोलायचे नाहीत. डाव्या हातानं लावायला आबांनी करून बघितलं होतं, पण डावा हात जन्मात कधी पुढं आलेला नव्हता, आणि कापड धरायला उजव्याची ताठ बोटं कामाची नव्हती. शहरातली बारीक बटणं. मसुरीच्या डाळीएवढी, गुळगुळीत. ती त्यांच्या बोटांतून साबणासारखी सुटायची.

समोरच्या खोलीत गयामावशी राहायची. तिच्याकडं एक शेळी होती आणि तोंडाला कवाड नव्हतं. मनानं वाईट नव्हती. एका सकाळी ती दारात राखुंडीनं दात घासत होती. आबांच्या गुंड्या लावताना मायला बघून ती हसत म्हणाली, "काय वं, पाचवीचं लेकरू हाय का ते? गुंड्या लावतीस तर काजळ-तीट बी लाव की, दिष्ट लागंल."

माय पण जराशी हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी मायचा हात बाजूला केला, अर्धा उघडा सदरा तसाच ठेवला, त्यावर उपरणं आडवं घेतलं आणि गेले. त्या दिवसापासून ते मायला गुंडीला हात लावू देईनात. उन्हाळ्यात, उपरण्यात छाती झाकून, ते पोती वाहायला जायचे.

मोंढ्यात तेव्हा पोती तरी कुठली. पिकलंच नव्हतं तर येणार काय. काही दिवस आबा दुपारीच परत यायचे आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे. अशात एका अडत्याच्या ओळखीनं चिकलठाण्याच्या एका नव्या कारखान्यात राखणदाराची जागा निघाली. फाटकावर उभं राहायचं, येणाऱ्या गाड्या बघायच्या, आडवा बांबू वर-खाली करायचा. बोटांचं काम नाही. आबांना बोलावून खाकी सदरा आणि विजार हातात दिली आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले. आबा घरी आले तेव्हा ते कापड त्यांनी पुढं धरलं होतं, देवाचा प्रसाद आणावा तसं, दोन्ही तळव्यांवर.

मग ते म्हणाले, "मला नाय जमायचं."

"का वो?" माय म्हणाली.

"वर्दी तिथंच ठेवायची, फाटकापाशी खोली हाय तिथं. तिथंच घालायची, तिथंच काढायची. सुट्टीला धुवायला घरी आणायची फक्त." मग सदऱ्याकडं बघत ते म्हणाले, "गळ्यापतूर लावावी लागती. मला बजावून सांगितलं त्यांनी, गळ्यापतूर."

मायनं त्यांच्या बोटांकडं पाहिलं. तिला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. फाटकावरच्या खोलीत दहा पुरुषांसमोर आबा कुणाला म्हणणार होते, माझ्या गुंड्या लावा म्हणून? आणि जागा गेली तर मोंढा पुढच्या महिन्यात बंदच पडल्यासारखा होता. मग गावाकडं. गावात फक्त खडी होती, आणि खडीला हात लागतो.

दुसऱ्या दिवशी आबा गेल्यावर मायनं खाकी सदरा उन्हात धरला, त्याच्या गुंड्यांवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "मथे, खराद्याकडं जा. आबाच्या बोटात धरंल अशी गुंडी बघ. तूच बघ. मला नाय जमायचं, मला सगळ्याच धरत्यात." खाकीला खाकीसारख्या रंगाची असली म्हणजे झालं, बाकी कुणी विचारणार नाही, असा तिनं हिशेब केला होता.

खराद्याचं दुकान शहागंजच्या बाजूला एका गल्लीत होतं. हमीदचाचा. खाटेचे पाय, लाटणी, रव्या, पोरांचे भवरे असं सगळं पट्ट्यावर फिरणाऱ्या खरादावर करायचे. उरलेल्या तुकड्यांची बटणं करून एका खोक्यात टाकायचे, शहरातल्या बायका स्वेटरला न्यायच्या. त्यांच्या घरच्या कुडत्यांची काजं माय करून द्यायची, म्हणून मला तिथं पाठवायला तिला धीर होता. मला नव्हता. मी दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. आत खरादाची घुरघुर चालली होती. लाकडाच्या साली सुटून जमिनीवर पडत होत्या, ताज्या जिलेबीसारख्या गोल गोल, आणि कडू वास येत होता.

"क्या होना, अम्मा?" चाचांनी न बघता विचारलं. "भवरा होना?"

मी खोक्याकडं बोट केलं. त्यांनी खोकं माझ्याकडं सरकवलं. मी वेणीची रिबीन सोडली, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एकत्र करकचून बांधली आणि त्या हातानं एकेक गुंडी उचलायला लागले. शिसवीची काळी, सुंदर, पण गुळगुळीत. ती सुटली. सागवानाची पातळ. ती तर धरवेचना. आंब्याच्या लाकडाची एक होती, हलकी, पण तिची कड निसटती. खरादाची घुरघुर थांबली. चाचा माझ्याकडं बघत होते.

"ए अम्मा, हात को क्या हुआ?"

मी मान हलवली. काही झालं नाही, असं सांगायचं होतं.

"हुआ नै तो बांध्या कायकू? खेल है क्या कोई?" ते हसले. मला रडू यायला लागलं, तसे ते परत खरादाकडं वळले. त्यांच्याकडं बघायचं नव्हतं म्हणून मी खोक्यात हात आणखी खाली घातला. तळाशी काही जाड गुंड्या होत्या. पिवळट भुऱ्या, मधे बशीसारख्या खोल, आणि कडेला उंच काठ. माझ्या बांधलेल्या बोटांनी त्या काठाला धरलं आणि गुंडी सुटली नाही. मी ती सोडून पुन्हा उचलली. डोळे मिटून उचलली. पुन्हा धरली गेली.

"लिंब है वो," चाचा खरादावरूनच म्हणाले. "चिकलठाने के रस्ते का. रस्ता बडा कर रै ना, सब झाडां काट डाले. खडे खडे सूख गए थे, काटते ही खराद पे चढ गए."

आता त्या रस्त्यावर उड्डाणपूल आहेत. मी रिक्षातून जाते तेव्हा नातवंडांना सांगावंसं वाटतं की इथं दोन्ही बाजूंनी लिंब होते, पण तोवर रिक्षा पुढं गेलेली असते.

मायनं त्या गुंड्या हातात घेऊन फिरवून बघितल्या. मग एका आगकाडीऐवजी दोन आगकाड्या घेतल्या, म्हणजे गळा जास्त उंच व्हावा. सदऱ्याची जुनी काजं उसवून तिनं गुंडीच्या मापाची नवी केली, टाक्याला टाका लावून. संध्याकाळी आबांच्या मांडीवर सदरा ठेवला आणि मला म्हणाली, "इकडं बस. सुईत दोरा ओव." आम्ही दोघी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं कापडाची सळसळ झाली. मग बराच वेळ काही नाही. आबांचा श्वास ऐकू येत होता. मग एक अगदी बारीक आवाज आला, टप असा, जाड गुंडी काजातून पलीकडं पडते त्याचा. मी तोपर्यंत हजार गुंड्या लावल्या असतील, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता. मग दुसरा. मग तिसऱ्याला जरा वेळ लागला.

"झालं," आबा म्हणाले.

आम्ही वळलो. ते उभे होते, गळ्यापर्यंत बंद. माय म्हणाली, "अवो, कमरेत ढिला हाय जरा," आणि डोळ्याला पदर लावला. दोन दिवस माय काजं करताना गुणगुणत होती.

चूक झाली ती त्यानंतर. त्याला चूक तरी कसं म्हणू. नवं कापड शिवायच्या आधी भिजवायचं असतं, हे मायला माहीत नव्हतं असं नाही. गावात आमच्या आडाला पाणी होतं तेव्हा ती साधं झबलंसुद्धा भिजवल्याशिवाय बेतायची नाही. पण त्या दोन वर्षांत भिजवणं ही गोष्टच आमच्यातून निघून गेली होती. पाणी प्यायचं आणि भाकरीत घालायचं. आंघोळ म्हणजे ओलं फडकं. आम्ही त्या गुंड्या धरून पाहिल्या, टाकून पाहिल्या, ओढून पाहिल्या, दाताखाली धरून पाहिल्या. पाण्यात टाकून बघावं हे आम्हा दोघींच्या मनालाही शिवलं नाही. पाण्यात काही टाकतं का कुणी?

गुरुवारी संध्याकाळी उशिरा टँकर आला आणि मायला एक हंडा जास्तीचा मिळाला. खाकीला नव्या खळीचा उग्र वास होता. सोमवारी आबा फाटकावर स्वच्छ उभे राहावेत म्हणून तिनं तो हंडा सदऱ्यावर खर्च केला. खळ निघेपर्यंत भिजत ठेवला, चोळला, पिळला, दोरीवर घातला. शुक्रवारी सकाळी सदरा अजून दमट होता. आबांनी स्वतःहून तो अंगात घातला, हौसेनं. आम्ही भिंतीकडं वळलो.

आवाज आला नाही.

खूप वेळ आला नाही. मग कापड ओढल्याचा आवाज आला, मग आबांनी नाकातून सोडलेला श्वास. मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं. आबांच्या कपाळावर घाम होता आणि ताठ बोटांची पेरं पांढरी पडली होती. माय उठली, तिनं स्वतःच्या धडधाकट बोटांनी गुंडी लावून बघितली, तर तिलाही दोन्ही हात लावावे लागले. कापड आटलं होतं आणि लाकूड फुगलं होतं.

आबांनी सदरा काढला, घडी घातली. त्यांना घडी घालता यायची नाही नीट, तरी घातली. "मोंढ्यात जातो," ते म्हणाले. "त्या अडत्याला निरोप देतो. दुसरं कुणी बघा म्हणावं."

"अवो, सोमवारपतूर थांबा की."

"कशाला थांबू? येकदा बघितलं, लई झालं. पुन्यांदा नको मला बघायला लावू." ते दारात थांबले. "पौर्णिमेनंतर गावाकडं जाऊ."

माय चुलीपुढं बसली. तिनं पदराचा सुटलेला दोरा वातीसारखा नुसता वळला आणि खाली टाकला. मग मी काय केलं ते मला अजून नीट आठवत नाही, इतकं ते माझ्या हातून आपोआप झालं. ब्लेड घेऊन गुंड्या उसवल्या, मुठीत धरल्या आणि निघाले. शहागंजपर्यंत मी मनात वाक्य म्हणत गेले. दुकानात पायरी चढून आत गेले आणि मूठ उघडली.

"चाचा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "माझ्या आबाचा हात ताठ हाय. त्याला गुंडी धरत नाय. ही धरत होती. धुतली आन फुगली. सोमवारी त्याला नोकरीवर जायाचंय. काय करू?"

चाचांनी खराद बंद केला. माझ्या तळव्यावरची एक गुंडी उचलून त्यांनी गालाला लावली. मग माझ्या हाताकडं बघितलं, जिथं त्या दिवशी रिबीन होती, आणि "अरे," एवढंच म्हणाले.

"लकडी पानी पी गई, अम्मा. और क्या. खडी खडी सूखी हुई, दो साल से एक बूंद नै देखी. मिल्या तो पी गई. तुम बी पीते, मैं बी पीता." त्यांनी गुंड्या मोजून परत दिल्या. "पहले सुखाव. सावली में, धूप में नक्को, फट जाती. फिर तेल पिलाव. करडी का, कोमट करके. पेट भर के तेल पी लिया तो फिर पानी नक्को बोलती."

घरी येऊन मी मायला सांगितलं. सगळं, थांबून थांबून, एका दमात नाही. माय माझ्याकडं बघत राहिली. तेल काय ते तिला कळलं होतं. मी खराद्याशी बोलले हे कळायला वेळ लागत होता. मग तिनं फळीवरची बाटली काढली. महिन्याचं तेल होतं, तळाशी चार बोटं. गुंड्या शनिवारी दुपारपर्यंत सावलीत वाळल्या, परत होत्या तेवढ्या झाल्या. मग लोखंडी पळीत तेल कोमट करून तिनं ते वाटीत ओतलं आणि गुंड्या त्यात सोडल्या. प्रत्येक गुंडीच्या भोकातून बारीक बुडबुडे वर यायला लागले. रात्रभर, दुसऱ्या सकाळपर्यंत येत होते. आम्ही त्या दिवसांत फोडणीशिवाय माडगं खाल्लं. आबांनी विचारलं नाही, वाटीत काय आहे. ते खाली बघून जेवत होते. अडत्या बाहेरगावी गेला होता म्हणून त्यांचा निरोप अजून द्यायचा राहिला होता, तो ते सोमवारी सकाळी देणार होते.

रविवारी मायनं आटलेल्या कापडावर काजं पुन्हा मापून केली. मी गुंड्या पुसल्या, लावल्या. त्या आता गडद झाल्या होत्या, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाच्या. मग माय उठली, प्यायच्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि सदऱ्याची पुढची पट्टी गुंड्यांसकट त्यात बुडवली. प्यायचं पाणी. आम्ही दोघी त्या तांब्याकडं बघत बसलो. संध्याकाळी ते पाणी गयामावशीच्या शेळीला पाजलं. मावशी म्हणाली, "आज काय बया, सणबिण हाय का?"

आबा आले आणि कोपऱ्यात बसले. माय सदरा पुढं करायला घाबरत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तो ओला सदरा घेतला आणि माझ्याच अंगात घातला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. वेणीची रिबीन सोडली आणि उजव्या हाताची ती तीन बोटं बांधली. दातानं गाठ मारली. मग मी आबांसमोर उभी राहिले. आजवर मी त्यांच्यासमोर अशी कधी उभी राहिले नव्हते, मी नेहमी दाराच्या मागं, मायच्या मागं असायची. माझे कान गरम झाले. मी खालच्या गुंडीपासून सुरुवात केली. काठ धरला, ढकलला. टप. दुसरी. तिसरीला हात घसरला, मी परत धरली. गळ्याची लावायला हनुवटी वर करावी लागली, त्यामुळं आबांचा चेहरा मला दिसला नाही.

खाली बघितलं तेव्हा ते माझ्या बांधलेल्या हाताकडं बघत होते.

"हे कवापसून करतीस?" त्यांनी विचारलं.

"दुकानात. आधी."

"समद्यांच्या म्होरं?"

मी मान डोलावली. आबांनी स्वतःचा हात उपरण्यातून बाहेर काढला, उलटा करून बघितला, जणू तो किती दिवसांनी भेटला होता.

"आण इकडं," ते म्हणाले.

सोमवारी ते पहाटे गेले. विजार घातली होती आणि सदरा घडी करून काखेत धरला होता, कारण तो तिथं जाऊन घालायचा होता. माय दिवसभर काजं करताना सुई बोटात टोचून घेत होती. मी दाराशी बसले होते. चारनंतर ऊन गल्लीच्या या बाजूला येतं. ते आलं आणि त्या उन्हातून आबा आले. वर्दी फाटकावर ठेवायची सोडून ती अंगात घालूनच आले होते, चिकलठाण्यापासून चालत, गळ्यापर्यंत बंद. उपरणं खांद्यावर नुसतं लोंबत होतं.

गयामावशी शेळीला पाला टाकत होती. ती सरळ उभी राहिली. "अगं बया, फौजदार आला की दारात. आता सलाम करावा लागतू का काय?"

"करा की," आबा म्हणाले.

मावशी अशी हसली की शेळी दचकली. आणि तिनं खरंच सलाम केला, हातात पाला तसाच धरून.

आबा आत येऊन बसले. मायनं पाणी दिलं. वर्दी घरी आणायची नव्हती ना, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, उद्या नेऊन ठेवतो, आज विसरलो. विसरले नव्हते. भाकरी खाल्ली, तीही तशीच, गळ्यापर्यंत बंद. मग मायचा हात सवयीनं त्यांच्या गळ्याकडं गेला. आबा जरासे मागं सरले.

"राहू दे," ते म्हणाले.

मायनं हात मागं घेतला. मी सुई शोधली आणि आम्ही दोघी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागून पहिला आवाज आला. काढताना तो लावण्यापेक्षा हलका येतो. मग दुसरा, मग तिसरा. गळ्याजवळची लवकर सुटेना. मायचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिनं दाबून धरला, पण उठली नाही. माझा दोरा सुईत केव्हाच ओवून झाला होता. मी तो हळूच ओढून काढला आणि पुन्हा ओवायला घेतला.